गल्ली माझे दिवस मोजते

मी बरी झाले म्हणून हे लिहायला बसलेले नाही. मी बरी झालेली नाही. दोन ऑपरेशनं झाली, तिसरी गाठ पोटात आहे, आणि डॉक्टरीणबाईंनी तीन महिने वाट बघायला सांगितलंय. वाट बघण्यात मी आता तरबेज आहे.

लिहितेय ते एका मुलीमुळं. मागच्या महिन्यात नगरला सोनोग्राफीच्या बाकावर ती माझ्या शेजारी बसली होती. वीस-एकवीसची असेल. हातात पाण्याची बाटली, गळ्यात नवंकोरं मंगळसूत्र. तिनं माझी जाडजूड फाईल बघितली आणि हळूच विचारलं, "ताई, गाठीचं लई अवघड असतं का वो?" मी म्हटलं, "नाही गं, काही नसतं." तेवढ्यात तिचं नाव पुकारलं आणि ती आत गेली. घरी येईपर्यंत मला स्वतःचाच राग येत राहिला. पहिल्या वेळी मलाही सगळ्यांनी हेच सांगितलं होतं, आणि त्या सगळ्यांवर माझा अजून राग आहे. तर बाई, मी तुला खोटं सांगितलं. खरं काय ते आता सांगते.

दुकान आणि चार दिवस

माझं माहेर केडगाव. बाबा नागापूरच्या एमआयडीसीत फिटर. बी.कॉम. झाल्यावर मीही तिकडंच एका कंपनीत पॅकिंगला होते. लग्न होऊन शनी शिंगणापूरला आले. नवरा, रवी, रोज मोटारसायकलवर नागापूरला जातो, लेथवर कामाला. सासरे आमच्या लग्नाआधीच गेले. घरी मी आणि सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. तेलाच्या बाटल्या, रुईच्या पानांच्या माळा, काळे तीळ, काळे उडीद, नारळ. शनिवारी आणि अमावस्येला पाणी प्यायला फुरसत मिळत नाही.

माल देवाला जाणारा, म्हणून आमच्याकडे नियम कडक. कावळा शिवला की दुकानात पाऊल टाकायचं नाही. मागच्या खोलीत आपलं घोंगडं, आपलं ताट, आपला तांब्या. आत्या वरून वाढतात, हात लागू देत नाहीत. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की पुन्हा दुकानात. माहेरी असलं काही नव्हतं, आई फक्त देव्हाऱ्याला हात लावू द्यायची नाही. पहिल्या वर्षी मी मनातल्या मनात रोज भांडले. मग खरं सांगायचं तर चार दिवस कुणी काम सांगत नाही, याची गोडी लागली.

कारण पाळीत मी लोळायचेच, अगदी शाळेपासून. आई ओवा चावायला द्यायची, शेक द्यायची आणि म्हणायची, "मूल झालं की थांबतं." कंपनीतल्या सुपरवायझरबाईसुद्धा हेच म्हणायच्या. दुखणं थांबायला मूल हवं, आणि मूल व्हायला आधी दुखणं थांबायला हवं, हे मला फार उशिरा कळलं.

या नियमाचा एक तोटा मात्र कुणी सांगितला नव्हता. मी दुकानात दिसले नाही की अख्ख्या गल्लीला कळायचं. समोरच सुमनकाकूंचं दुकान. पाचव्या दिवशी मी ओले केस घेऊन गल्ल्यावर बसले की त्या तिकडून ओरडायच्या, "काय गं मनीषा, याबी महिन्याला बसलीसच का?" गिऱ्हाईक समोर उभं असायचं. मी खाली मान घालून तेलाची बाटली पुसत बसायचे.

बसलेच नाही

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मी एक महिना बाजूला बसले नाही. मग दुसराही नाही. आत्या काही बोलल्या नाहीत, पण तेलाचा डबा मी उचलायला लागले की पुढं येऊन म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे, मी घेते." मला सकाळी मळमळायचं. पोट फुगलेलं, परकराची नाडी सैल करावी लागायची. सुमनकाकूंनी समोरून चिंचेचा गोळा पाठवला.

आता माझी चूक सांगते. मी रवीकडून गुपचूप किट मागवलं होतं. एकच रेघ आली. दुसरं आणलं, पुन्हा एकच. मी दोन्ही किटं कागदात गुंडाळून टाकून दिली आणि रवीला म्हटलं, "लवकर केली असेल टेस्ट, थांबू." तो लगेच हो म्हणाला. आम्हा दोघांनाही ती एक रेघ नकोच होती. घरात सगळे इतके आनंदात होते की त्यांच्या तोंडावर ते सांगायची माझी छाती झाली नाही. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर आत्या म्हणाल्या, "तीन महिनं भरू दे. आधी दावू नये, नजर लागते."

तिसरा महिना लागला तशी त्यांनी चोरचोळी करायची ठरवली. पहिलटकरणीची तिसऱ्या महिन्यात गुपचूप ओटी भरतात ती. पण आमच्या घराला दार नाही, चौकटीला नुसता पडदा. चोरून करायचं कसं? आत्यांनी पडदा ओढला, कुत्रं शिरू नये म्हणून ठेवलेली फळी आडवी लावली आणि मला पाटावर बसवलं. हिरवा खण, तांदूळ, नारळ, हळकुंड. त्यांनी माझ्या पदरात तांदूळ टाकले. म्हणाल्या, "आता कुनाला बोलू नगं." संध्याकाळपर्यंत गल्लीला माहीत होतं. बहुतेक त्यांनीच सांगितलं असावं, त्यांच्याच्यानं राहवलं नसणार.

त्या दिवशी मी खरंच सुखी होते. किटाची ती रेघ मी पार विसरून गेले होते.

पेढे

तीन महिने भरल्यावर आम्ही तिघं नगरला गेलो. आत्यांनी ठेवणीतलं नऊवारी नेसलं. जातानाच पेढ्यांचा पुडा घेतला, म्हणाल्या, येताना गडबड होईल, आधीच घेतलेला बरा.

सोनोग्राफीच्या खोलीत मला एकटीलाच घेतलं. डॉक्टरीणबाई पोटावर यंत्र फिरवत राहिल्या. एकदा, दोनदा, परत त्याच जागी. मग विचारलं, "दिवस गेलेत असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

काय सांगणार? दुकानानं सांगितलं म्हणू?

"गर्भाची पिशवी रिकामी आहे," त्या म्हणाल्या. "उजव्या ओव्हरीवर गाठ आहे. मोठी आहे, चांगल्या मोसंब्यापेक्षा मोठी. पाळी त्यामुळंच चुकली असावी."

मी म्हटलं, "मॅडम, गाठीच्या मागं असेल. नीट बघा ना, मागं दबलं असेल." हे वाक्य मी मोठ्यानं बोलले, शिकलीसवरलेली बाई. त्यांनी बिचाऱ्यांनी माझ्या समाधानासाठी पुन्हा एकदा बघितलं. मग कागदानं माझं पोट पुसायला लागल्या, ते त्यांचं काम नव्हतं, तिथं मदतनीस बाई उभी होती. त्या पुसण्यावरून मला कळलं.

बाहेर आत्या उभ्याच होत्या. "बरं हाय ना समदं? किती महिन्याचं म्हनल्या?"

मी म्हटलं, "आत्या, बाळ नाही. गाठ आहे."

त्या बाकावर बसल्या. पुडा मांडीवर होता, तो दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाल्या, "पर मी तर वटी भरली गं." रवी भिंतीकडं तोंड करून मोबाईल बघत राहिला. मोबाईल बंद होता, मला दिसत होतं.

येताना पांढरीपुलावर गाडी थांबली तेव्हा रवीनं विचारलं, भेळ घेऊ का. आत्तापर्यंत त्या रस्त्यानं गेलो आणि भेळ घेतली नाही, असं कधी झालं नव्हतं, म्हणून त्यानं विचारलं असेल. मी त्याच्याकडं असं बघितलं की तो परत गाडीत बसला. पेढ्यांचा पुडा घरी फडताळात राहिला आणि त्याला मुंग्या लागल्या. हिरवा खण आत्यांनी ट्रंकेत ठेवला. तो शिवलाही नाही, कुणाला दिलाही नाही.

वॉर्ड

ऑपरेशनसाठी नगरच्या ज्या दवाखान्यात होते तिथं आमचा आणि बाळंतिणींचा वॉर्ड एकच. मधे फक्त हिरवा पडदा. पहाटे साडेपाचला मावशी फरशी पुसायला यायच्या, फिनाईलचा वास, मग नर्सबाई, मग चहा. आणि दिवसभर बाळांचं रडणं. माझ्या उजवीकडच्या बाईला मुलगी झाली होती. तिला भेटायला येणारं प्रत्येक माणूस माझ्याकडं वळून विचारायचं, "तुम्हाला काय झालं, मुलगा का मुलगी?"

पहिल्या तिघांना मी काही बोलले नाही. चौथ्या बाईला म्हटलं, "गाठ झाली." ती अगं बाई म्हणून तोंडाला पदर लावून निघून गेली. मला त्यात वाईट प्रकारचं समाधान वाटलं. मी मुळात तिरसट आहे, आजारपणानं माणूस सोशिक होतं म्हणतात, माझ्याबाबतीत तसं काही झालं नाही.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, ओव्हरी वाचली तर वाचवू, पण गाठीला पीळ बसलाय, कदाचित काढावी लागेल. कागदावर रवीनं सही केली, मी केली. माझी सही त्या दिवशी अशी आली की बँकेत चालली नसती.

शुद्धीवर आले तेव्हा ओव्हरी गेलेली होती. कुणी सांगायची गरज पडली नाही, आईच्या तोंडाकडं बघून कळलं. काढलेलं नातेवाईकांना ट्रेमध्ये दाखवतात. रवीनं बघायला नकार दिला, बाहेर निघून गेला. आत्या पुढं होऊन म्हणाल्या, "दावा मला." त्यांनी नीट बघितलं. मग माझ्यापाशी येऊन पायथ्याशी बसल्या आणि चादरीत हात घालून माझे तळपाय चोळायला लागल्या. दोन दिवस त्या तशाच येत-जात चोळत होत्या. ट्रेमध्ये काय बघितलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

आई केडगावहून डबा आणायची. मऊ भात, मुगाचं वरण. घास भरवताना तिला एकदम रडू फुटलं. "मीच न्यायला पाहिजे होतं गं तुला. शाळेत असताना लोळायचीस तेव्हाच. मी ओवा देत बसले." मी तिला "असू दे आई" म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "हो, न्यायला पाहिजे होतं." ती डबा घेऊन नळाशी गेली आणि बराच वेळ धूत बसली. हे मी अजून विसरले नाही, तीही विसरली नसेल.

साडेसाती

आमच्या गावात कुणाचं टायर पंक्चर झालं तरी साडेसाती म्हणतात, मग माझं काय विचारता. सुमनकाकूंनी सांगितलं, अमुक इतके शनिवार करा. कुणी म्हणालं, चोरचोळी आधी केली म्हणून दृष्ट लागली. ते ऐकून आत्या तीन दिवस जेवल्या नाहीत. कुणी म्हणालं, एका ओव्हरीवरसुद्धा पोरं होतात, आमच्या भाचीला दोन झाली. प्रत्येकाकडं एक भाची असते.

एका ओव्हरीवर मूल होतं हे डॉक्टरही म्हणाले होते. वर्षभर आम्ही प्रयत्न केले. त्या वर्षाबद्दल मी फार लिहिणार नाही. तारखा बघून, गोळ्या घेऊन, नवरा-बायकोचं जे काही असतं त्याचंही दुकानासारखं काम होऊन बसतं. पाळी आली की मी घोंगड्यावर, आणि घरातला आवाज बंद. दार असतं तर कडी लावून रडले असते. पडद्याआड रडायचं तर तोंडात पदर धरावा लागतो.

मग डाव्या बाजूला दुखायला लागलं. दुखण्याचा प्रकार ओळखीचा होता. सोनोग्राफी केली, डाव्या ओव्हरीवर गाठ. आता राहिली होती ती एकच.

त्या दिवशी घरी आल्यावर रवीनं हेल्मेट खाली ठेवलं आणि म्हणाला, "तुझ्या पोटात गाठीशिवाय काही येतच नाही का?"

तो बाहेर गेला, पाच मिनिटांनी परत आला, माझ्यासमोर खाली बसला आणि म्हणाला, "मी असं बोलायला नको होतं." मी म्हटलं, "बोलून झालंय." तो चांगला माणूस आहे. त्यानं कधी दारू घेतली नाही, दुसऱ्या लग्नाचं नाव काढणाऱ्या त्याच्या मावशीला त्यानं घराबाहेर काढलं. पण ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. पाणी तापवताना, माळ ओवताना, मधेच ऐकू येतं.

दुसरं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. डॉक्टरीणबाईंनी गाठ काढली आणि ओव्हरी जेवढी वाचली तेवढी ठेवली. मी विचारलं, "जेवढी म्हणजे केवढी?" त्यांनी माझ्याच फाईलच्या मागं पेननं चित्र काढून दाखवलं, लहानसा अर्धा गोल. म्हणाल्या, "उशीर करू नका आता." उशीर मी करत होते, असं मला वाटत नव्हतं.

खोटी बसते

आता जे लिहिणार आहे ते मी रवीलाही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या ऑपरेशननंतर पाळीचा काही नेम राहिला नाही. कधी चाळीस दिवसांनी, कधी साठ. आणि प्रत्येक वेळी तीस दिवस उलटले की घरात तेच सुरू व्हायचं. आत्यांच्या चालण्यात फरक पडायचा. तेलाचा डबा त्या माझ्या आधी उचलायच्या. देवापुढं जरा जास्त वेळ बसायच्या. ताटात माझ्याकडं तुपाची धार जास्त पडायची. तोंडानं एक अक्षर नाही, पण सगळं मला दिसायचं. समोरून सुमनकाकू बघायच्या. आणि मग एक दिवस मी घोंगडं ओढलं की आत्यांचं तोंड असं पडायचं, की जणू मीच पोटात असलेलं काहीतरी टाकून आले.

तीनदा असं झालं. चौथ्या वेळी माझ्यानं बघवलं नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी मी सकाळी उठले, घोंगडं घेतलं, मागच्या खोलीत जाऊन बसले. पाळी आलेली नव्हती. आत्यांनी पडद्यातून बघितलं, "व्हय का," एवढंच म्हणाल्या आणि दुकानात गेल्या. झालं. ना आशा, ना डबा, ना तूप. चार दिवस मी खोटी बसले, पाचव्या दिवशी खोटीच न्हाले. सुमनकाकू ओरडल्या, "बसलीस का गं?" मी म्हटलं, "हो, बसले." त्या महिन्यात पहिल्यांदा मला कुणाची फसवणूक करतेय असं वाटलं नाही, उलट खूप हलकं वाटलं.

पुढच्या महिन्यातही बसले. त्याच्याही पुढच्या. खरी पाळी मधेच कधी आली तर मी ती चोरून काढायचे आणि दुकानात बसून देवाचा माल विकायचे. आधी भीती वाटली. काही झालं नाही. मला जे व्हायचं ते आधीच होऊन गेलं होतं.

घोंगड्यावर नुसतं बसून माणूस काय काय विचार करतं ते सांगत नाही. एकदा मला वाटलं, माझ्या पोटाला मी नुसती राखण करणारी बाई आहे, आत काय चाललंय ते मला कुणी सांगत नाही. एकदा वाटलं, ही उरलेली ओव्हरीही काढून टाका म्हणावं, म्हणजे एकदाचं सगळ्यांचं मोजणं संपेल. हे मी डॉक्टरीणबाईंना बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "असा निर्णय रडत असताना घेत नाहीत." मला तोपर्यंत कळलं नव्हतं की मी रडतेय.

त्याच भेटीत त्यांनी तिसरी गाठ सांगितली. लहान आहे. तीन महिने थांबू, गोळ्या देऊ, असं त्या म्हणाल्या. वाढली तर मग उरलेलं वाचवता येईल, असं मात्र म्हणाल्या नाहीत. ती बाकावरची मुलगी त्याच दिवशी भेटली, मला अजून आत जायचं होतं.

संध्याकाळी रवीला सांगितलं. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच बसून राहिला. आत्यांना आम्ही सांगितलं नाही. पण पडद्याच्या घरात काय लपतं?

अमावस्या

या महिन्यात माझा अठ्ठाविसावा दिवस नेमका शनी अमावस्येला आला. वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी. मी खरं तर एक दिवस पुढं ढकलू शकले असते, पण डोकं चालत नव्हतं. सकाळी घोंगडं घेतलं आणि बसले. रवीला कंपनीत सुट्टी मिळाली नव्हती. दुकानात आत्या एकट्या.

बाहेरून आवाज येत होता. "आजी, दोन बाटल्या." "आजी, माळ द्या की." "आजी, किती वेळ?" आत्यांचं वय साठीच्या पुढं, गुडघे दुखतात. बारा वाजता त्यांचा आवाज बसला. मी आत भिंतीला टेकून बसले होते, धडधाकट, दोन्ही हात मांडीवर.

मग पडदा सरला. आत्या चौकटीत उभ्या. मला वाटलं, पाणी प्यायला आल्या. त्या आत आल्या आणि माझ्या घोंगड्यावर बसल्या. माझ्याला लागून, खांद्याला खांदा.

मी दचकून सरकले. "आत्या, शिवाल! मी बाहेरची आहे."

"न्हाईस तू," त्या म्हणाल्या. "तीन महिनं तू बसतीस तवा तुझा पॅडचा पुडा फडताळात हाय तसाच ऱ्हातो. मधी कवातरी एकदा फोडला हुतास, तवा तू दुकानात बसली हुतीस. मला काय दिसत न्हाई व्हय?"

मी घोंगड्याच्या दशा ओढत बसले.

"मला राग आल्ता आधी. देवाच्या मालाला हात लावती म्हनून. मग इचार केला, ही असं का करती. मग ध्यानात आलं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. हाताला तेलाचा वास येत होता. "मी मोजती गं. न मोजायचं ठरवती, तरीबी सकाळी उठल्या उठल्या मोजती. सुटत न्हाई मला. पर तू माझ्यापायी हितं एकली बसू नगं."

मी म्हटलं, "आत्या, तिसरी झालीये."

"ऐकलं हाय मी."

"नाही होणार आत्या मला."

त्यांनी "असं बोलू नगं" म्हटलं नाही. एरवी सगळे म्हणतात. त्या माझ्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "चल. तेल सपत आलंय, डबा मला उचलत न्हाई."

आणि आंघोळ न करता, हातपायसुद्धा न धुता, तशाच दुकानात गेल्या. मी मागोमाग गेले. तेलाचा डबा मी उचलला. त्यांनी उचलू दिला.

सुमनकाकूंनी समोरून बघितलं. सकाळी मी दुकानात नव्हते, आता दुपारी होते, केस कोरडे. त्यांचा हिशेब जुळेना. गर्दीच्या डोक्यावरून त्या ओरडल्या, "काय गं मनीषा, बसलीस का न्हाई? का गोड बातमी?"

आत्यांनी हातातली माळ खाली ठेवली. बसलेल्या आवाजात, पण मोठ्यानं, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सुमन, तिच्या पोटात पोर न्हाई. गाठ हाय. पोर व्हईल का न्हाई ते आमाला ठाव न्हाई. आजपासनं कुनी मोजायचं न्हाई. मीबी न्हाई."

रस्त्यावर कोण कुठले लोक होते. पुण्याचे, नाशिकचे, एक बाई तर कडेवर मूल घेऊन उभी होती. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

ते ऐकून मला बरं वाटलं, असं लिहायला हवं. नाही वाटलं. पोर न्हाई हे दोन शब्द आत्तापर्यंत आमच्या घरात कुणी उच्चारले नव्हते, मीही नव्हते, आणि ते कानावर पडले तेव्हा मला कळलं की आतल्या आत मीही अजून मोजत होते. खोटी बसायचे तेव्हासुद्धा. सगळ्यात जास्त मीच.

कडेवर मूल असलेली बाई पुढं आली. "ताई, एक तेल द्या."

मी बाटली भरली, झाकण घट्ट लावलं आणि तिच्या हातात दिली. तिच्या मुलानं बाटलीला हात घातला, ती त्याला ओरडली. आत्या माझ्या शेजारी बसून माळा ओवत होत्या. आणखी दोन महिने आहेत, मग सोनोग्राफी.